डुबकीचे तिकीट आणि विम्याचा कागद

दिवाळीची सुट्टी किंवा नाताळचा आठवडा आला, की मालवण, तारकर्ली आणि देवबागच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगसाठी गर्दी उसळते. पर्यटकांचे प्रश्न ठरलेले असतात. पैसे किती, पाण्याखाली किती वेळ, व्हिडिओ त्यातच की वेगळा, पोहता येत नसेल तर चालेल का. मग एक छापील कागद पुढे सरकवला जातो. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर हा साहसी खेळ करत आहे, काही अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत,’ अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. बहुतेकजण तो न वाचताच सही करून होडीत बसतात. होडीचा विमा आहे का, असल्यास तो फक्त होडीचा आहे की तिच्यात बसलेल्या माणसांचाही, आणि माणूस पाण्यात उतरल्यावर तो लागू राहतो का, हे विचारणारा पर्यटक विरळाच.

सुट्टीवर निघालेल्या माणसाने विमापत्रातली कलमे कशाला तपासायची, असे कोणालाही वाटेल. पण पाण्याखालच्या पर्यटनातील मोठ्या दुर्घटनांचे चौकशी अहवाल वाचले, तर त्यांत वादळ किंवा शार्क यांच्यापेक्षा हलगर्जीपणाच अधिक वेळा भेटतो, आणि तोही अगदी साधा. रात्री पहारा ठेवलेला नसतो, माणसे नीट मोजलेली नसतात, होडीत क्षमतेपेक्षा जास्त लोक बसवलेले असतात. सरकारी निरीक्षक वर्षातून एखाद्या वेळी होडी पाहून जातो. रोजच्या फेरीवर त्याची नजर नसते. होडीमालकाला रोज सावध ठेवण्याची ताकद विम्यात आहे. मात्र तो विमा सक्तीचा हवा, पुरेसा हवा आणि पाण्यात उतरलेल्या माणसापर्यंत पोहोचणारा हवा. तसा नसेल तर तोच विमा निष्काळजीपणावरचे पांघरूण ठरतो.

हे किती महागात पडते, याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे.

एक आग आणि शून्य किमतीची नौका

२ सप्टेंबर २०१९ ची पहाट. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत सांताक्रूझ नावाचे बेट आहे. त्याच्याजवळ ‘कन्सेप्शन’ ही ७५ फुटी डायव्हिंग नौका नांगर टाकून उभी होती. तीन दिवसांच्या सहलीवर आलेले ३३ पर्यटक आणि एक कर्मचारी तळमजल्यावरच्या झोपण्याच्या दालनात होते. कप्तानासह उरलेले पाच कर्मचारी वरच्या मजल्यावर झोपले होते. पहाटे तीनच्या सुमारास मधल्या मजल्यावर आग लागली. तळमजल्यावरून बाहेर पडायला दोन वाटा होत्या, पण दोन्ही त्याच पेटलेल्या मधल्या दालनात उघडत होत्या. खाली असलेले सर्वच्या सर्व ३४ जण मरण पावले. वरचे पाचही जण पाण्यात उड्या टाकून वाचले. मृतांमध्ये अमेरिकेत राहणारे एक भारतीय दांपत्यही होते, त्यामुळे या आगीची झळ थेट नागपूरपर्यंत पोहोचली.

मृत्यूचे कारण होते धूर आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि शरीराचा प्राणवायू तोडतो. बंद दालनात तो साठू लागला की माणसाच्या हाताशी काही मिनिटेच उरतात. म्हणूनच आगीत पहिली पाच मिनिटे सर्वाधिक मोलाची असतात, आणि ती मिळवून देण्यासाठी कोणीतरी जागे असावे लागते.

रात्री सगळे झोपलेले असताना एका कर्मचाऱ्याने फिरती गस्त घालावी, ही अट त्या नौकेच्या सरकारी प्रमाणपत्रातच लिहिलेली होती. त्या रात्री गस्त नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० मध्ये निष्कर्ष काढला तोही हाच. आग नेमकी कशाने लागली हे ठरवता आले नाही. मधल्या दालनात रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि उपकरणे ही एक शक्यता होती. पण आग कोणाच्या लक्षात न येता वाढत गेली, कारण मालक कंपनीने आपल्या नौकेवर आणि कर्मचाऱ्यांवर परिणामकारक देखरेख ठेवली नाही, असे मंडळाने स्पष्ट म्हटले. कप्तानावर कर्तव्यातील निष्काळजीपणाचा फौजदारी खटला चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवले आणि मे २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणातला धडा मात्र फौजदारी खटल्यात नव्हता. दुर्घटनेनंतर अवघ्या तीन दिवसांत, सगळे मृतदेह हाती लागण्यापूर्वीच, मालक कंपनीने न्यायालयात अर्ज केला. आधार होता १८५१ सालच्या एका कायद्याचा. जहाजमालकाला दोषाची माहिती नव्हती किंवा त्यात त्याचा सहभाग नव्हता असे सिद्ध झाले, तर त्याची भरपाईची जबाबदारी अपघातानंतर जहाजाची जी किंमत उरेल तेवढ्यापुरतीच राहील, असे हा कायदा सांगतो. ‘कन्सेप्शन’ जळून समुद्राच्या तळाशी गेली होती. म्हणजे किंमत शून्य. चौतीस माणसांच्या मृत्यूची कमाल जबाबदारीही शून्य, असा त्या अर्जाचा अर्थ होता.

एकोणिसाव्या शतकात या कायद्यामागे एक तर्क होता. मालक न्यूयॉर्कमध्ये, जहाज हजारो मैल दूर, निरोप पोहोचायला महिने. कप्तानाच्या चुकीपायी मालक देशोधडीला लागू नये आणि अमेरिकेत जहाजधंदा वाढावा, हा हेतू. ‘टायटॅनिक’च्या मालकांनीही याच कायद्याचा आसरा घेतला होता. तेव्हा उरलेल्या जीवनरक्षक होड्या आणि त्या प्रवासाचे उत्पन्न धरून सुमारे ९२ हजार डॉलर एवढीच रक्कम दाव्यांसाठी पुढे करण्यात आली. दीडशेहून अधिक वर्षांनी, मोबाइल आणि उपग्रहांच्या काळात, किनाऱ्यापासून काही तासांच्या अंतरावर पर्यटकांना डुबकी मारायला नेणारी नौका त्याच ढालीमागे उभी राहिली. मृतांच्या कुटुंबीयांनी लढा दिला आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने छोट्या प्रवासी नौकांना या सवलतीतून वगळले. पण तो बदल पुढच्या अपघातांसाठी होता. ‘कन्सेप्शन’च्या कुटुंबांना त्याचा उपयोग झाला नाही.

यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. निष्काळजीपणाची किंमत कायद्यानेच शून्यावर आणून ठेवली, तर रात्रीच्या पहाऱ्यासाठी एक माणूस जागा ठेवण्याचा खर्च मालकाला नेहमीच जास्त वाटणार.

चूक मोजणीची

निष्काळजीपणा हा शब्द कानाला मोठा वाटतो. पाण्यावर मात्र तो फार छोट्या रूपात वावरतो. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकी दांपत्य समुद्रातच राहिले आणि त्यांची नौका परत गेली. माणसे मोजताना चूक झाली होती. नौकेवर त्यांची पिशवी पडून होती, तरी ते मागे राहिले आहेत हे ध्यानात यायला दोन दिवस लागले. ते दोघे पुन्हा सापडले नाहीत. नौकेच्या कप्तानावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला, त्यातून तो सुटला. कंपनीला मात्र दंड झाला आणि ती बंद पडली. त्यानंतर क्वीन्सलँड राज्याने डायव्हिंगसाठी माणसे मोजण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे कडक नियम केले. २०११ मध्ये जलक्रीडा सुरक्षेसाठी स्वतंत्र कायदाही आणला.

हा धडा सगळीकडे पोहोचला असे झाले नाही. एप्रिल २००४ मध्ये कॅलिफोर्नियात एका डायव्हरला धुक्यात मागे सोडून नौका पुढच्या ठिकाणी गेली. हजेरीपटावर तो हजर दाखवला होता. काही तास तरंगत राहिल्यावर, योगायोगाने तिथून जाणाऱ्या शिडाच्या जहाजावरील मुलांना तो दिसला म्हणून वाचला. २०१० मध्ये ज्यूरीने त्याला १६ लाख ८० हजार डॉलरची भरपाई दिली. त्यातही त्याची स्वतःची काही चूक धरून रक्कम कमी करण्यात आली होती. भरपाईचा हा आकडा एखाद्या छोट्या डायव्हिंग कंपनीला बुडवायला पुरेसा आहे. विमा असेल तर ती तगते आणि जखमी माणसालाही पैसे मिळतात. विमा नसेल तर निकालपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

होडीची फेरी आणि डुबकी यांतला फरक

डायव्हिंगच्या नौकेची जोखीम साध्या फेरीबोटीपेक्षा वेगळी का, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. समुद्रसपाटीवर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. १० मीटर खोलीवर तो दुप्पट होतो. तिथे टाकीतून घेतलेला श्वास रोखून माणूस घाबरून वर आला, तर फुफ्फुसातली हवा पसरून दुप्पट जागा मागते. फुफ्फुसाची नाजूक पटले फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत गेले तर काही मिनिटांत बेशुद्धी किंवा पक्षाघात होतो. त्यासाठी खूप खोल जावे लागत नाही. दीड-दोन मीटरवरून श्वास रोखून वर आल्यानेही इजा होऊ शकते. पोहता न येणारा, आयुष्यात पहिल्यांदाच समुद्रात उतरलेला पर्यटक नेमका हेच करण्याची शक्यता असते.

जास्त खोल आणि जास्त वेळ राहिलेल्या डायव्हरच्या शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्या वायूचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून मणक्याच्या इजेपर्यंत काहीही होऊ शकते. दोन्ही प्रकारांत पहिला उपचार एकच, शुद्ध ऑक्सिजन. त्यानंतर रुग्णाला दाबाच्या कोठीत ठेवून उपचार करावे लागतात. अशा कोठ्या मोजक्याच ठिकाणी असतात आणि तिथवर नेण्याचा खर्च मोठा असतो. त्यात दमा, हृदयविकार, कानाचे आजार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असे काही असेल तर धोका वाढतो. डुबकीआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात ती यासाठी. हृदयविकाराचा झटका हे डायव्हिंगमधील मृत्यूंचे एक मोठे कारण आहे. चाळिशी-पन्नाशीच्या पर्यटकाला ‘बीपीची गोळी घेता का’ एवढे विचारणेही त्याचा जीव वाचवू शकते.

शिवाय होडी स्वतःच एक धोका आहे. पाण्यातून वर येणाऱ्या माणसाला पंख्याची पाती दिसत नाहीत आणि होडी चालवणाऱ्या तांडेलाला पाण्यातले डोके दिसत नाही. डायव्हर पाण्यात असल्याची खूण म्हणून झेंडा लावायचा, पंखा थांबल्याशिवाय कोणाला शिडीजवळ येऊ द्यायचे नाही, हे नियम त्यासाठी आहेत. ऑक्सिजनची टाकी, आरोग्याची प्रश्नावली, झेंडा, माणसांची मोजणी या प्रत्येक गोष्टीला फार पैसे लागत नाहीत. लागते ती शिस्त, आणि हंगामाच्या गर्दीत पहिला बळी तिचाच जातो.

विम्यातली भोके

आता विम्याकडे. होडीमालक ‘आमचा विमा आहे’ म्हणतो तेव्हा अनेकदा त्याचा अर्थ होडीच्या सांगाड्याचा आणि इंजिनाचा विमा असा असतो. बँकेचे कर्ज असेल तर तो काढावाच लागतो. होडी बुडाली तर बँकेचे पैसे वसूल होतील. होडीतल्या माणसाला त्यातून काही मिळणार नाही. माणसांसाठी वेगळा, मालकाच्या कायदेशीर जबाबदारीचा विमा लागतो. त्यातही एक मेख असते. डायव्हिंग हा वेगळा आणि जास्त जोखमीचा व्यवसाय मानला जात असल्याने, नौकेचा नेहमीचा जबाबदारी विमा पाण्यात उतरलेल्या माणसाला बहुधा वगळतो. पर्यटक होडीत असेपर्यंत विम्यात, शिडीवरून पाण्यात उतरला की विम्याबाहेर. तो पुन्हा आत आणायचा तर स्वतंत्र जोडकलम घ्यावे लागते किंवा डायव्हिंग व्यावसायिकांसाठीचा वेगळा विमा काढावा लागतो.

पर्यटकाला वाटते, आपला आरोग्य विमा आहेच. भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत स्कूबा डायव्हिंगचा उल्लेख आहे, पण तो ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेणाऱ्यांसाठी. म्हणजे एकदाच डुबकी मारणाऱ्या हौशी पर्यटकाला उपचारांचा खर्च मिळू शकतो. वैयक्तिक अपघात किंवा प्रवास विम्यात मात्र साहसी खेळ सरसकट वगळलेले आहेत का, हे पाहावे लागते. त्या अपवादाचा खरा फटका बसतो तो दिवसभरात अनेकदा पाण्यात उतरणाऱ्या स्थानिक मार्गदर्शकाला. पर्यटकाचा हात धरून त्याला खाली नेणारा हा तरुण सर्वाधिक जोखीम घेतो. तोच व्यावसायिक ठरून स्वतःच्या आरोग्य विम्याबाहेर राहतो. रोजंदारीवर असेल आणि मालकाच्या वहीत त्याचे नाव नसेल, तर कर्मचाऱ्यांसाठीच्या भरपाई कायद्याचा लाभ मिळवणेही त्याच्या घरच्यांना कठीण जाते.

तिसरे भोक सर्वांत खोल आहे. सागरी विम्याचा भारतातील कायदा १९६३ चा आहे. विमापत्रात एखादी हमी लिहिलेली असेल, म्हणजे अमुकच प्रवासी बसवीन, अमुक परवाना असलेलाच तांडेल ठेवीन, तर ती तंतोतंत पाळावी लागते. ती मोडली त्या क्षणापासून विमा कंपनी जबाबदारीतून मोकळी होते. मालकाला माहीत असताना नादुरुस्त नौका समुद्रात सोडली आणि त्यामुळे अपघात झाला तरी तेच. विमा कंपनीच्या बाजूने पाहिले तर हे रास्त आहे. पण अपघातात सापडलेल्या माणसाच्या बाजूने पाहावे. वीस जणांच्या होडीत तीस बसवले म्हणून होडी उलटली. हा निष्काळजीपणा आहे, म्हणून मालक भरपाई द्यायला बांधील. पण नेमक्या त्याच कारणाने त्याचा विमा रद्द. मालकाकडे उलटलेल्या होडीशिवाय काही नाही. म्हणजे हलगर्जीपणा जितका मोठा, तितकी भरपाई मिळण्याची शक्यता कमी. ‘कन्सेप्शन’च्या शून्य किमतीपेक्षा हे फार वेगळे नाही.

रस्त्यावर आपण हा पेच कधीच सोडवला आहे. रिक्षा असो की ट्रक, तिऱ्हाइताच्या जबाबदारीचा विमा सक्तीचा आहे. चालकाकडे योग्य परवाना नव्हता अशा कारणाने विम्याची अट मोडली असली, तरी न्यायालये अनेकदा विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगतात. आधी द्या, मग वसूल करा. जखमी माणूस वाऱ्यावर राहत नाही आणि मालकही सुटत नाही. समुद्रावरच्या पर्यटनाला हेच तत्त्व लावायला हवे.

सही केली म्हणजे हक्क गेला?

आणि तो छापील कागद? डुबकीत धोका असतो याची कल्पना पर्यटकाला दिली होती, एवढे तो सिद्ध करू शकतो. नैसर्गिक जोखीम पर्यटकाने स्वीकारली असे म्हणता येईल. पण आयोजकाचा निष्काळजीपणा त्याने स्वीकारला, असे त्यातून आपोआप ठरत नाही. पैसे देऊन सेवा घेणारा पर्यटक ग्राहक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक करार ही स्वतंत्र संकल्पना आहे आणि सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षे होती. असुरक्षित किंवा क्षमतेबाहेर भरलेल्या नौकेतून भाडे घेऊन माणसे नेणे हा तर वेगळाच गुन्हा आहे. मात्र तुरुंगवासाने कोणाच्या घरची चूल पेटत नाही. त्यासाठी विमाच लागतो.

मालवणचा प्रश्न

हे सारे परदेशातल्या गोष्टी सांगून संपत नाही. २४ मे २०२२ रोजी, हंगाम संपत आला असताना, स्कूबा डायव्हिंग करून परतणारी वीसेक पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जणांचा बळी गेला. दोन अपघातांची कारणे वेगळी आहेत, पण नंतर घडले ते सारखेच. चौकशीचे आदेश, मदतीची घोषणा, काही दिवस जीवरक्षक जाकिटांची तपासणी. मदत सरकारी तिजोरीतून, म्हणजे सर्वांच्या पैशांतून जाते. ज्याच्या धंद्यात जोखीम आहे त्याच्या हिशेबात ती कधी दिसतच नाही.

नियम नाहीत असे नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रमांची नोंदणी त्यात आहे. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. देशांतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांना विमा सक्तीचा करणारा केंद्राचा कायदाही २०२१ चाच आहे. पण तो जलमार्गांवरच्या नौकेचा विचार करतो. समुद्रात शिडीवरून खाली उतरलेल्या पर्यटकाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो गंभीर आहे. मालवणचा होडीवाला म्हणजे अमेरिकी कंपनी नव्हे. कालपर्यंत मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी, मासळी कमी झाली म्हणून, कर्ज काढून हा व्यवसाय उभा केला आहे. पावसाळ्यात तो बंद असतो. चार-आठ महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचे, त्यात महागडा विमा सक्तीचा केला तर छोटा माणूस बाहेर फेकला जाईल आणि बाहेरचे बडे भांडवल आत येईल, ही भीती खोटी नाही.

पण विमा नसण्याचा सर्वाधिक धोका याच छोट्या माणसाला आहे. बड्या कंपनीला एक अपघात परवडतो. एकच होडी असलेल्या कुटुंबाचे एका अपघातात घर, होडी आणि नाव तिन्ही जाते. वर संपूर्ण किनाऱ्याचा हंगाम बुडतो. तेव्हा सक्ती हवी, पण एकेकट्याच्या डोक्यावर नको. मच्छीमारांच्या सहकारी संस्था कोकणाला नव्या नाहीत. त्याच धर्तीवर किनाऱ्यावरच्या सर्व डायव्हिंग व्यावसायिकांसाठी एक सामूहिक विमा काढता येईल. त्यात होडीतला प्रवासी, पाण्यातला पर्यटक आणि त्याचा हात धरणारा मार्गदर्शक हे तिघेही असावेत. हप्त्याची रक्कम प्रत्येक डुबकीच्या तिकिटातून वेगळी काढावी. तिकिटावर ती छापलेली असेल तर पर्यटकालाही कळेल की आपण कशाचे पैसे देतो आहोत.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे. विमा असला की माणूस बेफिकीर होतो, असे काहीजण म्हणतात. हप्ता सर्वांना सारखाच ठेवला तर तसे होईलही. ऑक्सिजनची टाकी, प्रशिक्षित मार्गदर्शक, प्रत्येक फेरीला सहीनिशी हजेरी, आरोग्य प्रश्नावलीच्या भरलेल्या प्रती ज्याच्याकडे आहेत त्याला हप्ता कमी, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला जास्त किंवा विमाच नाही, असे ठेवले की चित्र बदलते. मग माणसे मोजणे हा सरकारी नियम न राहता रोजच्या हिशेबाचा भाग बनतो. जाणूनबुजून केलेल्या गैरवर्तनाला विमा संरक्षण देतच नाही आणि तुरुंगवासाचा विमा कोणालाही काढता येत नाही. त्यामुळे शिक्षेचा धाक जागच्या जागी राहतो.

सागरी मंडळ आणि पर्यटन विभागाने यासाठी नवा विभाग काढण्याची गरज नाही. तीन गोष्टी पुरेशा आहेत. पाण्यातल्या माणसाला धरणाऱ्या विम्याशिवाय नोंदणीचे नूतनीकरण नको. विमापत्राचा क्रमांक, मुदत आणि होडीची प्रवासी क्षमता तिकीट खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावलेली हवी. आणि अपघात झाल्यास विमा कंपनीने आधी जखमींना पैसे द्यावेत, अटी मोडल्याचा हिशेब मालकाशी नंतर करावा, हे कलम सामूहिक विमापत्रातच असायला हवे.

पर्यटकाच्या हातातही काही आहे. किती पैसे आणि व्हिडिओ कसा, या प्रश्नांबरोबर आणखी तीन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. होडीत किती माणसांची परवानगी आहे, ऑक्सिजन आहे का, आणि पाण्यात उतरल्यावर विमा लागू राहतो का. शंभर पर्यटकांनी सलग हे विचारले, तर एकशे एकाव्या पर्यटकाला विचारावे लागणार नाही. खिडकीवर पाटी लागलेली असेल.

‘कन्सेप्शन’वर त्या रात्री एक माणूस जागा असता, तर ३४ जणांना सुटकेची संधी मिळाली असती. तारकर्लीच्या किनाऱ्यावर येत्या हंगामात पुन्हा गर्दी होईल. प्रत्येक होडीवर कोणीतरी माणसे मोजणारा असेल का, हे या हंगामापूर्वी ठरवता येण्यासारखे आहे.